परतीची वायर

खूप दिवसांनी इकडे फिरकलो. मध्ये दोन-तीन जणांनी विचारलं, लिहिणं बंद केलंस का म्हणून. बंद नाही केलं. एक गोष्ट डोक्यात अडकून बसली होती आणि ती लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचेना. गोष्ट बॅटरीची आहे, त्यामुळे ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मधले आकडे खुशाल गाळावेत. नातेवाईक मंडळींनी मात्र सगळं वाचा. त्या मुलाबद्दल तुमच्यापैकी निम्म्यांनी काहीबाही बोललेलं मी ऐकलंय, आणि सुरुवात मीच करून दिली होती.

तर झालं असं. बोईसरच्या माझ्या मामेभावाने नोकरी सुटल्यावर खाण्याचा ट्रेलर केला. ट्रेलर म्हणजे दोन चाकांची पत्र्याची खोली, एका बाजूची झडप वर उचलली की काउंटर. पिकअपच्या मागे हुकाला अडकवायचा आणि शनिवार-रविवार केळव्याला न्यायचा. सुरूच्या बनाच्या अलीकडे उभा राहिला की तळलेले मासे, कोलंबी, तांदळाची भाकरी, सोलकढी. मसाला मामीचा. तवा गॅसवर, त्यामुळे विजेचं काम तसं थोडंच: दिवे, एक्झॉस्टचा छोटा पंखा आणि बारा व्होल्टवर चालणारा फ्रीज. त्यासाठी ट्रेलरमध्ये शंभर अँपिअर-अवरची एक बॅटरी. ती चालत्या गाडीवर चार्ज व्हावी म्हणून पिकअपच्या बॅटरीपासून मागे एक वायर ओढलेली. जाता-येता बॅटरी आपोआप भरेल, जनरेटरचा आवाज नको, डिझेलचा वास नको. कल्पना ऐकायला इतकी सोपी होती की मी स्वतः मान डोलावली होती.

पहिली बॅटरी सहा महिन्यांत बसली. दुकानदाराने वॉरंटीत बदलून दिली, कुरकुर करत का होईना. दुसरी आठ महिन्यांत. या खेपेला तो म्हणाला, तुमच्या गाडीतच काहीतरी लफडं आहे. भाऊ चिडला, थोडी बाचाबाची झाली, तिसरी बॅटरी दुसऱ्या दुकानातून विकत आणली. ती आल्यावर चार महिन्यांनी तो रविवार उजाडला. संध्याकाळी सहाला गिऱ्हाईकांची रांग, फ्रीज केव्हाच बंद पडलेला आणि आत सकाळी मसाला लावून ठेवलेले सरंगे न् कोलंबी. भावाने वास घेतला आणि सगळं टाकून दिलं. मामीने पहाटे चारला उठून वाटण केलं होतं. ती काही बोलली नाही. तिने काही बोललं असतं तर बरं झालं असतं, असं भाऊ नंतर मला म्हणाला.

त्याच रात्री त्याने मला फोन केला. दादा, तुला काय वाटतं? मी पालघरला घरी बसून, ट्रेलरकडे न बघता, मीटर हातात न घेता सांगून टाकलं: त्या पोराने वायरिंगमध्ये काहीतरी घाण केली असणार. ते पोर म्हणजे विक्रमगडकडचा आयटीआय केलेला मुलगा, भावाकडे शनिवार-रविवार मदतीला यायचा. ट्रेलरचं वायरिंग त्यानेच केलेलं. दुसऱ्या आठवड्यापासून भावाने त्याला बोलावणं बंद केलं.

आता माझ्याबद्दल थोडं, जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. मी तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये सव्वीस वर्षं काढली. माझं काम काय, तर लूप चेक करणं. टाकीवरच्या ट्रान्समीटरपासून कंट्रोल रूमपर्यंत चार ते वीस मिलिअँपिअरचा सिग्नल नीट जातोय का, ते टर्मिनलवर टर्मिनल तपासत जायचं. रीडिंग चुकलं की नवखा माणूस ट्रान्समीटर बदलायला धावतो आणि जुना माणूस आधी जंक्शन बॉक्स उघडतो. हे मी किती पोरांना ओरडून शिकवलं असेल! आणि स्वतःच्या भावाची वेळ आली तेव्हा फोनवर निदान करून मोकळा झालो.

कशाने कोण जाणे, दोन आठवड्यांनी मला झोप लागेना. सकाळच्या गाडीने बोईसरला गेलो.

पहिलं माप घेतलं तेव्हा सगळं ठीकच दिसलं. पिकअप चालू, पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, म्हणजे ऑल्टरनेटर ठणठणीत. मागे ट्रेलरमध्ये वायर बॅटरीपासून सोडवून तिच्या टोकांवर मीटर लावला, १४.१. भाऊ म्हणाला, बघ, वीज येतेय, म्हणजे बॅटरीच खराब. गॅरेजवाल्यानेही हेच माप घेऊन हाच निष्कर्ष काढला होता.

इथेच बहुतेक सगळे फसतात. मीटर स्वतः वीज जवळजवळ खातच नाही. वायरीचा एकच तंतू शिल्लक असेल, कनेक्टर गंजून हिरवा झाला असेल, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. घरी टेस्टर लावल्यावर दिवा लागतो आणि पंखा मात्र फिरत नाही, तसंच हे. नळाला पाणी किती येतं हे तोंडावर बोट दाबून कळत नाही, नळ सोडून बघावं लागतं.

म्हणून अर्धी उतरलेली बॅटरी पुन्हा जोडली आणि वीज वाहत असताना मापं घेतली. मागच्या बॅटरीवर १२.४ व्होल्ट, वायरीत फक्त ४ अँपिअर. पुढे १४.२, मागे १२.४. मधले १.८ व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ले होते. कुणी, ते शोधायचं.

त्याची पद्धत सोपी आहे आणि कुणालाही जमेल. मीटरचं एक टोक पिकअपच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरं ट्रेलरच्या बॅटरीच्या प्लसवर. (टोकाला लांब वायर जोडून घ्यावी लागते, आणि इंजिन चालू असताना ती पंख्यात जाणार नाही एवढं बघावं.) जे व्होल्टेज दिसेल ते त्या वाटेत हरवलेलं. आमच्याकडे ०.४ निघालं. फार चांगलं नाही, पण गुन्हेगार हा नव्हे. मग तेच मायनसला. पिकअपच्या मायनसपासून ट्रेलरच्या मायनसपर्यंत: १.४.

भाऊ म्हणाला, पण दादा, मायनसला तर वायरच नाही. गाडीचा पत्रा, हूक, आणि ट्रेलरचा पत्रा. तेच अर्थिंग.

तेच तर. प्लसची वायर सगळ्यांनी तीन-तीनदा तपासली होती. तिचा फ्यूज बदलला, तिचा रिले बदलला, तिला नवी लाल टेप गुंडाळली. परत जायची वाट कुणी बघितलीच नव्हती. गेलेली वीज परत आली नाही तर ती गेलीच नाही असं समजा, हे आम्ही विजेचा पहिला धडा म्हणून शिकलेलो. हुकाच्या गोळ्यावर रंग, रंगावर ग्रीस, ग्रीसमध्ये केळव्याची वाळू आणि वर दोन पावसाळ्यांची खारी हवा. चालताना तो सांधा हलणार, कधी टेकणार, कधी सुटणार. तो ओढायला केलेला आहे, वीज वाहायला नाही. सातपाटीच्या कुठल्याही नाखव्याला विचारलंत तर तो सांगेल, खाऱ्या हवेत उघडा सांधा म्हणजे काय असतं.

आता हे १.८ व्होल्ट एवढे महत्त्वाचे का, ते सांगतो. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी निवांत असताना साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास. आणि ती नीट भरायची तर तिच्या टर्मिनलवर १४.२ ते १४.४ यावे लागतात. म्हणजे चार्जिंगचा सगळा खेळ पावणेदोन व्होल्टच्या आत आहे. तेवढेच वाटेत गेले तर बॅटरी कधीच भरत नाही, नुसती चाटत राहते. आणि सतत अर्धपोटी राहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, ते मग सुटत नाहीत. तिन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या. पहिल्या दुकानदाराचा माल चांगला होता. आम्ही त्या उपाशी मारल्या.

जाडीचंही गणित करून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण साडेसात मिलिओहम रोध असतो. पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत आठ मीटर धरले तर जाऊन-येऊन सोळा मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. १० अँपिअर वाहिले की १.२ व्होल्ट गायब. हेच घरातल्या २३० व्होल्टच्या पंख्याला कळणारही नाही. बारा व्होल्टला ते दहा टक्के झाले. म्हणून घरात चालणारी वायर इथे चालत नाही. दहा स्क्वेअर एमएमची घेतली की तेच नुकसान पाव-तीस पैसे व्होल्टवर येतं. (पैसे व्होल्ट हे एकक माझंच, हसू नये.)

गंमत अशी की हे गणित आमच्या डोक्यावर कायम लटकलेलं असतं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली इथे तारापूरला सुरू झालं आणि तेव्हापासून आमच्या शेतांवरून, चिकूच्या वाड्यांवरून उंच तारा गेल्या. २२० आणि ४०० किलोव्होल्ट! वीज लांब न्यायची तर व्होल्टेज वाढवा, करंट कमी करा, म्हणजे तारेत कमी जळते. शाळेत असताना त्या मनोऱ्यांखाली आम्ही क्रिकेट खेळलो. आणि मोठे होऊन बारा व्होल्ट बारीक वायरीतून मागे ढकलायला निघालो.

रेल्वेवाल्यांनी तर हा प्रश्न केव्हाच दुसऱ्या बाजूने सोडवला होता. जुन्या पद्धतीचा बिगर-एसी डबा इंजिनाकडून वीज मागतच नाही. डब्याच्या खाली ॲक्सलवरून पट्ट्याने फिरणारा ऑल्टरनेटर असतो, गाडी पळते तेव्हा तो डब्याच्याच बॅटऱ्या भरतो आणि स्टेशनात उभी राहिली की दिवे-पंखे त्यावर चालतात. पूर्वी हे २४ व्होल्टवर होतं, नंतर ११० वर आणलं. पालघर स्टेशनात उभं राहून या डब्यांखाली लोंबणारे पट्टे मी शेकडो वेळा बघितलेत. ओढला जाणारा डबा आणि ओढणारं इंजिन यांच्यात वीज नेणं अवघड असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

असो. दुरुस्ती काय केली ते सांगतो. प्लस आणि मायनस दोन्हीसाठी दहा स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून बॅटरीपर्यंत सलग. हूक फक्त ओढायला ठेवला. मधल्या जोडासाठी दिव्यांचा सात पिनांचा प्लग सोडला आणि फोर्कलिफ्टच्या बॅटरीला असतो तसला चपटा मोठा कनेक्टर लावला. एमआयडीसीत तो सहज मिळतो, भंगारातसुद्धा, पण भंगारातला घेऊ नका, त्याच्या पत्तीची ताकद गेलेली असते. पुढच्या बॅटरीजवळच फ्यूज, कारण एवढी जाड वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. रिले इग्निशनवर, नाहीतर उभ्या गाडीत फ्रीज पुढची बॅटरीही पिऊन टाकेल आणि रात्री केळव्याहून धक्का मारत यावं लागेल. पुन्हा मोजलं: पुढे १४.१, मागे १३.४, आणि करंट १८ अँपिअर. चारचे अठरा! भरत जाईल तसा करंट उतरतो, वाटेतलं नुकसानही उतरतं आणि मागचा आकडा चढतो.

एवढं करूनही भाऊ खूश व्हायच्या आत मी कागद पुढे ओढला. बोईसरहून पालघरमार्गे केळवं तासाभराच्या आतबाहेर. १८ अँपिअर तासभर टिकले असं उदार मनाने धरलं तरी जाताना १८, येताना १८. दिवे, पंखा, फ्रीज मिळून सरासरी ६ अँपिअर धरले आणि दुपारी बारा ते रात्री नऊ ट्रेलर उभा राहिला तर खर्च ५४. हिशोब जमत नाही. शिवाय बॅटरीचा शेवटचा पाव हिस्सा भरायला चार-चार तास लागतात, तो प्रवासात होतच नाही. म्हणजे वायर कितीही चांगली असली तरी रात्री घरी आल्यावर भिंतीतल्या सॉकेटवर चार्जर लावलाच पाहिजे. ‘चालत्या गाडीवर आपोआप भरेल’ ही कल्पनाच मुळात अर्धवट होती, आणि तिला मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. पोराने केलेल्या वायरिंगवर खापर फोडताना हे मला आठवलं नव्हतं.

अलीकडे हौशी मंडळी कॅम्पिंगचे ट्रेलर, कॅराव्हॅन असलं काही करू लागली आहेत. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. त्यांच्यासाठी एक सूचना. नव्या बऱ्याच गाड्यांत ऑल्टरनेटर संगणकाच्या ताब्यात असतो. पुढची बॅटरी भरली की तो इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतो, त्याला मागच्या बॅटरीचं काही पडलेलं नसतं. तिथे मागे डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो, जो येईल ते व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं तेवढं करून देतो. पण तोही मायनसच्या गंजलेल्या वाटेला उपाय नाही. आधी मोजा.

आणि आता माझं खरं म्हणणं. बॅटरी बदला, रिले बदला, माणूस बदला, हा आपला स्वभाव झालाय. मी गॅरेजवाल्यांना दोष देणार होतो, पण मग विचार केला की त्यांनी का शोधत बसावं? बॅटरीचं सात-आठ हजारांचं बिल आपण मुकाट्याने देतो. त्याच माणसाने अर्धा तास मीटर लावून हुकाचा सांधा घासून दिला आणि पाचशे रुपये मागितले, तर आपण म्हणतो, एवढ्याशा कामाचे पाचशे? सुटा भाग दिसतो, शोध दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत असं गिऱ्हाईकानेच ठरवलं, मग कारागीर भाग विकणारच. कारखान्यात याच शोधाचा मला महिन्याचा पगार मिळायचा आणि दिवाळीला बोनस. रस्त्यावरच्या पोराला त्याचे दोनशे रुपयेही मिळत नाहीत. वर काही बिघडलं की आळ त्याच्यावर, कारण तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज बदलता येण्याजोगा.

त्याला शोधायला मला आठवडा लागला. तो आता एमआयडीसीत एका पॅनल बनवणाऱ्याच्या गाळ्यावर काम करतो. सुट्टी झाल्यावर गेटबाहेर गाठला, चहा सांगितला आणि जे झालं ते सगळं सांगितलं, फोनवर मी काय बोललो होतो तेही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, मी शेठना पहिल्याच महिन्यात बोललो होतो. मायनसला वेगळी वायर पाहिजे, दीड हजाराचं सामान लागेल. ते म्हणाले, हूक लोखंडाचाच आहे ना.”

मी भावाला विचारलं. त्याला आठवत होतं.

तो परत कामाला आला नाही, पॅनलचं काम त्याला आवडलंय. पण मागच्या शनिवारी कनेक्टरच्या पत्त्या तपासायला अर्धा तास येऊन गेला, भावाने बोलावल्यावर. पाचशे मागितले. भावाने दिले. मामीने कोलंबीचा डबा भरून दिला, तो त्याने आधी नको म्हटला, मग घेतला.